वाळवंटातली नवी शहरं, जुनी शहरं आणि त्यांचे रस्ते

करामाकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर हवा जरा सुसह्य झाली की आमच्याकडे दुबईत गावाकडचे पाहुणे यायला लागतात. विमानतळावरून निघालेली गाडी शेख झायेद रोडला लागली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "याला म्हणतात रस्ते! आपल्याकडे कधी होणार असं?" रस्ते चांगले आहेत यात वाद नाही. मी रोज त्याच रस्त्याने कामाला जातो. पण या वाक्यात दुबईची तुलना पुण्या-नाशिकशी होते आणि ती मला पटत नाही. पाऊस वेगळा, माती वेगळी, जमिनीची मालकी वेगळी. दुबईच्या नव्या रस्त्याची तुलना दुबईच्याच जुन्या गल्लीशी करायला हवी. ऊन तेच, वाळू तीच, खाडीही तीच. तरीही दोन्हीकडे शहर पूर्ण वेगळं दिसतं.

दुबईच्या 'बर दुबई' या भागात खाडीकाठी अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली, म्हणून तिला बस्तकियाही म्हणतात. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, वर गिलावा, आणि छतावर चारही बाजूंनी उघडे असलेले वाऱ्याचे मनोरे, म्हणजे बारजील. वरून जाणारा वारा हे मनोरे पकडतात आणि खालच्या खोलीत सोडतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर खांदा तिरका करावा लागतो. मे महिन्यात दुपारी तिथे फिरताना एका बाजूच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो, समोरची भिंत मात्र गार लागते. गल्ली मुद्दाम वळणाची असते, त्यामुळे पुढच्या वळणावर पुन्हा सावली मिळते. मजले एक-दोनच, रंग सगळीकडे वाळूचाच. ऐंशीच्या दशकात या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. उरलेला वाचवला, म्हणून आज आपल्याला तो बघायला तरी मिळतो.

आता शेख झायेद रोड. पूर्वी याचं नाव डिफेन्स रोड होतं. आज दुबईतल्या भागात एकेका बाजूला सहा-सात लेन आहेत आणि दोन्हीकडे काचेचे मनोरे. समोरची इमारत दिसते, तिच्यावरच्या पाट्या वाचता येतात, पण तिथे चालत जायचं तर मेट्रो स्टेशनचा पूल गाठावा लागतो. गाडीने जायचं तर पुढचा इंटरचेंज गाठून परत यायचं. एक एक्झिट चुकला की पाच-सहा किलोमीटरचा फेरा ठरलेला.

हे असं का झालं, तेही थोडं सांगतो. १९६० मध्ये ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन हॅरिस यांनी दुबईचा पहिला आराखडा केला. तेव्हा गावात डांबरी रस्ते जवळजवळ नव्हते. १९६३ मध्ये खाडीवर मक्तूम पूल झाला, १९६६ मध्ये तेल सापडलं, १९७५ मध्ये शिंदघा बोगदा झाला. १९७९ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरची ३९ मजली इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या आजूबाजूला मोकळी वाळू होती. त्याच सुमारास तिकडे दूर जबल अलीचं बंदर सुरू झालं. खाडीकाठचं गाव आणि ते बंदर यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेकडेने पुढचं सगळं शहर वाढत गेलं. आधी महामार्ग होता, शहर नंतर त्याला येऊन चिकटलं. जुन्या वस्तीत आधी घरं झाली आणि घरांच्या मधे उरली ती गल्ली. दिसण्यातला फरक मला वाटतं इथेच आहे.

वाळवंटी शहरांत राहिलेल्या, फिरलेल्या, काम केलेल्या सगळ्यांनी लिहा. दुबईबद्दलच लिहायला हवं असं काही नाही.

सिन्नरकर

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही.

आमच्या घरासमोरचा रस्ता डांबरी झाला, मग पाइपलाइनसाठी खोदला, बुजवला, मग केबलसाठी खोदला. आज त्यावरून आईला रिक्षातून दवाखान्यात न्यायचं तर तिची पाठ धरते. अशा माणसाला गल्लीची सावली आणि वाऱ्याचे मनोरे यांचं कौतुक सांगून काय उपयोग? दुबईला मी मुलाकडे आलो होतो, महिनाभर फिरलो. एक खड्डा दिसला नाही. लेनचे पट्टे पुसलेले दिसले नाहीत. रात्री रिफ्लेक्टर असे चमकतात की अनोळखी माणूससुद्धा बिनधास्त गाडी चालवेल. पाहुणे जे म्हणतात ते त्यांच्या रोजच्या त्रासातून म्हणतात. तुलना चुकीची असेल, मागणी चुकीची नाही.

खडीडांबर

सिन्नरकरांशी सहमत आणि करामाकरांशीही. मी आखातात रस्त्यांच्या कामावरच आहे, आधी मराठवाड्यात होतो, त्यामुळे दोन्हीकडची माती हाताळली आहे. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट जमिनीची. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर कितीही चांगलं डांबर टाका, खालची जमीनच हलत असेल तर रस्ता फुटणार. तिथे मुरूम, खडी, निचरा हे सगळं नीट केलं तरच रस्ता टिकतो, आणि नेमकं तेच वाचवलं जातं. वाळूचं तसं नाही. पाणी मारून, थराथराने रोलर फिरवून दाबलेली वाळू फुगत नाही आणि आकसत नाही. त्यावर रोड बेस, म्हणजे खडीचा दाबलेला थर, मग डांबराचे थर. खडी येते फुजैरा आणि रास अल खैमाच्या डोंगरातून. काळी, टणक, चांगल्या दर्जाची खडी आहे ती.

याचा अर्थ इथे सगळं सोपं आहे असं नाही. समुद्राकाठी सबखा नावाची जमीन असते, म्हणजे खारट, वरून कडक आणि आतून ओली. भूजल अगदी वर असतं, मीठ वर चढत राहतं आणि पातळ डांबर उचकटतं. तिथे आधी भराव घालून रस्ता उंच घ्यावा लागतो. दुसरा शत्रू उष्णता. जुलैच्या दुपारी डांबराचं तापमान ७० अंशांच्या आसपास जातं. साधं डांबर वापरलं तर अवजड गाड्यांच्या चाकोऱ्या उमटतात. म्हणून पॉलिमर मिसळलेलं डांबर वापरतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात बरंचसं काम रात्री चालतं. तरी जे हात हे काम करतात ते आपल्याच भागातले, नेपाळचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे. रस्त्याचं कौतुक करताना त्यांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, रस्त्याची हद्द. नव्या वाळवंटी शहरात रस्ता आखताना डांबराच्या दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा राखून ठेवतात. पाणी, वीज, टेलिफोन, सांडपाणी, प्रत्येकाला त्या पट्ट्यात आपली ठरलेली जागा असते. दुरुस्ती असेल तर पट्टा खोदायचा. डांबराला हात लावायचा असेल तर आधी ना हरकत पत्र, मग अनामत रक्कम, मग मूळ रस्ता होता तसा करून द्यायचा. सिन्नरकरांच्या दारातला रस्ता खोदला जातो कारण पाइपलाइनला जायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. जुन्या शहरात घरं आधी आली, पट्टा राखायला जागा उरली नाही. दुबईच्या देरा भागात, नाइफच्या मागच्या गल्ल्यांत आम्ही काम करतो तेव्हा तिथेही हीच पंचाईत होते. खोदलं की कुठली तरी नकाशात नसलेली केबल लागते.

थोडक्यात, खड्डा पडतो तो पाण्यामुळे, जमिनीमुळे आणि खोदकामामुळे. पहिल्या दोन बाबतींत वाळवंटाचं नशीब चांगलं आहे. तिसरी शिस्तीची आहे आणि ती आपल्याकडे आणता येते.

सिन्नरकर

@खडीडांबर, धन्यवाद. इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. नगरसेवकाला पाठवतो.

मडगांवकार

देव बरें करूं! कुवेतचा अनुभव सांगतो. आमच्या गोव्याची माणसं तेल कंपन्यांच्या सुरुवातीच्या काळापासून इथे आहेत, माझे वडीलही इथेच होते.

नव्या शहराने जुन्या शहराला पूर्ण गिळलं ते कुवेतमध्ये. जुन्या कुवेतभोवती मातीची तटबंदी होती, १९२० साली घाईघाईने बांधलेली. १९५२ मध्ये ब्रिटिश नियोजकांकडून आराखडा करून घेतला आणि १९५७ मध्ये तटबंदी पाडली. दरवाजे तेवढे ठेवले. तटाच्या जागेवरून आज फर्स्ट रिंग रोड जातो. मग सेकंड, थर्ड, असे एकाबाहेर एक रिंग रोड. मातीची घरं विकत घेऊन पाडली आणि कुवेती कुटुंबांना रिंग रोडच्या बाहेर नव्या वसाहतींत बंगल्यांसाठी जागा दिल्या. पत्ता शोधणं एकदम सोपं, ब्लॉक, स्ट्रीट आणि घर नंबर. पण जुनं शहर बघायला मिळेल म्हणून कुणी आलं तर दाखवायला दरवाजे आणि थोडासा बाजार सोडून फारसं काही नाही.

आणि वाळवंटात रस्ते खराब होत नाहीत हा समज काढून टाका. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथे जबरदस्त पाऊस झाला. त्यानंतर कितीतरी रस्त्यांवर डांबरातून खडी सुटायला लागली. पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून समोरच्या काचेवर तडा जायचा. तेव्हाच्या सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खडीडांबर म्हणतात ते बरोबर, पाऊस आला की रस्त्याची खरी परीक्षा होते. वाळवंटात ती क्वचित येते एवढंच.

निवडुंग

आम्ही अमेरिकेत फीनिक्सला. इथे जुनं शहर असं नाहीच. सगळा बुद्धिबळाच्या पटासारखा, मैलामैलावर सरळ मोठे रस्ते, मधे वसाहती. नकाशा बघून कळतं की रस्ते आखले तेव्हा पायी चालणारा कोणी डोळ्यांसमोर नव्हता. मात्र गंमत अशी की शहराचे कालवे होहोकम या इथल्या प्राचीन रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेल्या कालव्यांच्या मार्गावरून जातात. जुन्या लोकांनी वाळवंटात पाणी कसं न्यायचं ते शोधलं होतं, तेवढं नव्यांनी उचललं. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४३ सेल्सियसच्या खाली उतरलाच नाही. काही गल्ल्यांत २०२० पासून डांबरावर फिकट राखाडी लेप देतात, उष्णता परत फेकायला. रस्त्याचा पृष्ठभाग त्याने थंड राहतो हे खरं. पण आमच्या गल्लीला झाड हवं होतं.

मस्कतची_माई

आता मस्कतबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं!

१९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा सगळ्या ओमानमध्ये मिळून जेमतेम १० किलोमीटर डांबरी रस्ता होता. आम्ही आलो तोवर चित्र पुष्कळ बदललं होतं, तरी शेजारच्या ओमानी आजीबाई सांगायच्या की लहानपणी त्या मस्कतहून शेजारच्या मतरा बंदराला होडीने जायच्या, कारण मधे डोंगर. आज तिथे समुद्राला लागून सुंदर रस्ता आहे.

मस्कतला दुबईशी स्पर्धा करायची नव्हती आणि ते शहराकडे पाहिल्यावर कळतं. उंच मनोरे नाहीत. पांढरी, फिकट पिवळी घरं, कमानीच्या खिडक्या, मागे काळे-तपकिरी डोंगर. रंग कुठला लावायचा यावरही नगरपालिकेचे नियम आहेत. माझ्या बहिणीला आधी हे फार एकसुरी वाटलं होतं. पण मला विचाराल तर आखातातलं सगळ्यात देखणं शहर हेच. डोळ्यांना कुठे बोचत नाही.

रस्त्यांचं म्हणाल तर इथला खरा विषय वादी आहे. डोंगरातून समुद्राकडे येणारे कोरडे ओढे. वर्षभर त्यांत बाभळी आणि शेळ्या. डोंगरात पाऊस पडला की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही तासाभरात लोंढा येतो. जुन्या रस्त्यांवर वादी ओलांडताना रस्ता मुद्दाम खाली उतरवलेला असतो आणि कडेला लाल-पांढरे खांब असतात, पाणी किती चढलं ते कळायला. पाणी ठरावीक खुणेच्या वर असेल तर गाडी घालायची नाही. दरवर्षी कोणीतरी धाडस करतं आणि जीव जातो. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हा नव्या वस्त्यांमधले रस्ते अक्षरशः वाहून गेले. वादीच्या पात्रात घरं आणि रस्ते बांधल्यावर दुसरं काय होणार? जुनी ओमानी गावं बघा, निझवाकडची. घरं उंचावर, खजुराच्या बागा खाली, आणि वादी मोकळी सोडलेली. त्यांना ठाऊक होतं.

अपवाद मतराचा सूक, म्हणजे जुना बाजार. तो वादीच्या वाटेवरच आहे. पाऊस आला की दुकानदार पटापट माल वर उचलतात, गल्लीतून पाणी जातं, पाणी ओसरलं की पुन्हा धूपदाण्या मांडतात. अरुंद, वर छप्पर, आत लोबानाचा वास. जूनच्या दुपारी मी भाजी आणायला गाडीने जाते, पण सूकमध्ये मात्र चालते. सावली असली की माणूस चालतो.

करामाकर

@मस्कतची_माई, ताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच आहे.

पावसाचा विषय निघालाच आहे तर १६ एप्रिल २०२४ बद्दल लिहितो. अमिरातीत ७५ वर्षांत नोंदला गेला नव्हता एवढा पाऊस त्या दिवशी झाला. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. मुंबईकराला हा आकडा जुलैतला वाटेल, पण इथे वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. शेख झायेद रोडच्या सखल भागात गाड्या खिडकीपर्यंत बुडाल्या होत्या. लोक गाड्या सोडून चालत घरी गेले. आमच्या इमारतीच्या तळघरातलं पाणी टँकरने उपसायला बरेच दिवस लागले. पावसाचं पाणी वाहून न्यायची सोय सगळ्या वस्त्यांत नव्हती, आणि रस्ता सपाट, त्यामुळे पाणी जागच्या जागी उभं राहिलं. त्यानंतर दोनेक महिन्यांत सरकारने पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ३० अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. चूक दिसली की पैसा आणि निर्णय दोन्ही झटपट येतात, हे मात्र मान्य करावंच लागेल.

भटकभवानी

वास्तुरचना हा माझा शिक्षणाचा विषय, आणि वाळवंटी शहरं हे वेड. म्हणून थोडं मागे जाऊन लिहिते.

"नवं म्हणजे रुंद, जुनं म्हणजे अरुंद" असं समीकरण करू नका. जयपूर घ्या. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसवलं, आखणी विद्याधर भट्टाचार्य यांची. काटकोनात छेदणारे रस्ते, मुख्य रस्ते १११ फूट रुंद. तीनशे वर्षांपूर्वी! पण त्या रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना बाजाराचे ओटे आणि सावली आहे, आणि रस्त्यांच्या आतल्या चौकडीत पुन्हा अरुंद गल्ल्या, मोहल्ले. मिरवणूक रुंद रस्त्याने जायची, रोजचं जगणं गल्लीत. एकाच शहरात दोन्ही मापं होती.

जैसलमेर त्याहून जुनं, ११५६ चं. किल्ल्याच्या आत आजही लोक राहतात. गल्लीवर दोन्हीकडून झरोके इतके पुढे आलेत की आकाशाची पट्टीच दिसते. तो पिवळा दगड, त्याच्यावरची जाळी, सगळं ऊन अडवण्यासाठी. आणि तिथे नवं आल्यावर काय झालं बघा. पूर्वी पाणी गडीसर तलावावरून डोक्यावरून वर यायचं, त्यामुळे लोक जपून वापरायचे. नळ आले, हॉटेलं आली, न्हाणीघरं वाढली, सांडपाणी किल्ल्याच्या पोटात मुरलं. कोरड्या टेकडीवर उभा असलेला किल्ला आतून भिजला आणि काही बुरूज ढासळले. नळ येऊ नये असं मी म्हणत नाही, तिथल्या बायकांनी कितीही हंडे वाहावेत का? पण पाणी आत आणताना ते बाहेर कसं जाईल याचा विचार आधी व्हायला हवा होता.

येमेनमधलं शिबाम, सोळाव्या शतकातलं. पुरात आधीचं गाव गेलं म्हणून पुन्हा उंचवट्यावर बांधलं, मातीच्या विटांच्या सात-सात मजली इमारती, एकमेकींना खेटून. वाळवंटात उंच इमारती दुबईने आणल्या नाहीत! फरक असा की शिबाममध्ये इमारती जवळजवळ असल्यामुळे एकीची सावली दुसरीवर पडते. दुबईत दोन मनोऱ्यांच्या मधे पार्किंग आणि सहा लेन असतात, मग सावली डांबरावर पडते आणि तिथे कोणीच उभं नसतं. इराणमधल्या यझ्दला मी स्वतः चालले आहे. मातीच्या भिंती, त्यांच्यावर ठिकठिकाणी कमानी टाकून झाकलेले बोळ. भर दुपारी बायका आणि मुलं आरामात बाहेर होती.

अबुधाबीच्या विमानतळाजवळ मसदर सिटी आहे, ब्रिटिश वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेची आखणी. त्यांनी नेमकं हेच जुनं ज्ञान परत वापरलं. कमी उंचीच्या इमारती, अरुंद रस्ते, वाऱ्याच्या दिशेने वळवलेले, गाड्या बाहेर, आणि मधे ४५ मीटर उंच वाऱ्याचा मनोरा. आत शिरलं की फरक अंगाला जाणवतो. २००६ मध्ये घोषणा झाली तेव्हा दहा वर्षांत पूर्ण होईल असं ठरलं होतं, पण पुढे मुदत २०३० पर्यंत ढकलली गेली. अपूर्ण असली तरी जरूर बघून या.

सईची_आई

अबुधाबीकडून +१.

सगळे जुनं आणि नवं लिहितायत, मला मधल्या काळातलं लिहायचं आहे. आम्ही हमदान स्ट्रीट आणि इलेक्ट्रा यांच्या मधल्या भागात राहतो. अबुधाबीची आखणी १९६७ पासून जपानी नियोजक काट्सुहिको ताकाहाशी आणि मग इजिप्तचे अब्दुलरहमान मखलूफ यांनी केली. मोठे चौकोनी ठोकळे. बाहेरच्या मोठ्या रस्त्यांवर उंच इमारती, आत छोट्या. बाहेरून बघाल तर नुसती वाहतूक. पण आत शिरलं की वेगळंच गाव आहे. सईला बाबागाडीत घालून मी आतल्या आत बकाला (म्हणजे किराणा दुकान), शिंपी, केरळी हॉटेल, इस्त्रीवाला, मशीद, छोटी बाग असं सगळं फिरते. चार वाजल्यानंतर उंच इमारतींची सावली आतल्या गल्लीवर पडते. एसीचं पाणी ठिबकतं, मांजरी कट्ट्यावर बसलेल्या असतात, इंटरलॉकच्या फरश्या जागोजागी उखडलेल्या आहेत. दिसायला अजिबात देखणं नाही. पण मला दोन वर्षं गाडी चालवता येत नव्हती तेव्हा याच भागाने मला सांभाळलं.

मधे काही काळ आम्ही शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत होतो. रस्ते आरशासारखे. दोन्ही कडांना खजूर, त्यांच्या बुंध्याशी काळ्या ठिबक नळ्या, बोगनवेल फुललेली. दूध संपलं की मात्र नवऱ्याची वाट बघायची. फुटपाथ होता, पण तो मधेच संपायचा आणि पुढे वाळू. बाबागाडीची चाकं वाळूत रुतली की उचलून न्यायची. आम्ही परत हमदानला आलो.

माझी तक्रार रस्ता रुंद असल्याची नाही. रस्ता ओलांडायला दर चौकात जागा हवी, सावली हवी, फुटपाथ अखंड हवा. हे करायला इथे पैशाची कमतरता नाही.

जुना_देरावाला

मुलांनो, सगळं वाचलं. मी सत्तरच्या दशकात आलो, तेव्हाचं थोडं सांगतो.

देरात मुख्य रस्ते डांबरी होते, आत शिरलं की वाळू. संध्याकाळी खोलीवर आलो की बूट झटकायचे. पंखा एकच, एसी असलेल्या खोलीचं भाडं परवडायचं नाही. खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी. आजही एका दिरहमात मिळते. अबुधाबीला जायचा रस्ता तेव्हा अगदी साधा, मधे उंट आडवे यायचे आणि रात्री उंटाला धडकून फार वाईट अपघात व्हायचे. त्यामुळे तुम्ही सावलीबद्दल लिहिता ते मला पटतं, पण कुंपण घातलेला, दिव्यांचा तो रुंद रस्ता झाला तेव्हा आम्हाला काय वाटलं ते तुम्हाला कळणार नाही. माझा खोलीतला एक जोडीदार जुन्या रस्त्यावर गेला. नवा रस्ता माझ्यासाठी आधी जीव वाचवणारा आहे.

आणि बारजीलच्या घरांत आम्ही पाहुणे म्हणून गेलो आहोत. मार्चमध्ये छान. ऑगस्टमध्ये दमट हवेत तिथेही घामाच्या धारा लागायच्या. पूर्वी ज्यांना शक्य होतं ते उन्हाळ्यात खजुराच्या बागांकडे जायचे. जुन्याचं प्रेम ठेवा, पण ते होतं तसं सांगा.

भटकभवानी

काका, हे फार मोलाचं लिहिलंत. दमट किनाऱ्यावर वाऱ्याच्या मनोऱ्याला मर्यादा आहेतच. यझ्दची हवा कोरडी, म्हणून तिथे तो जास्त उपयोगी पडतो. गल्लीची सावली मात्र दोन्हीकडे उपयोगी.

खडीडांबर

काकांच्या प्रतिसादाला जोडून. रस्ता सुरक्षित करण्यासाठी कुंपण घालावं लागलं, हे खरं. पण महामार्गाला जे लागू आहे ते वस्तीतल्या रस्त्यालाही लावलं गेलं, तिथे गडबड झाली. वस्तीतल्या रस्त्याची लेन सव्वातीन मीटरची केली तरी पुरते, गाड्या आपोआप हळू जातात आणि उरलेल्या जागेत झाडांची रांग बसते. सांडपाणी शुद्ध करून झाडांना देण्याची यंत्रणा इथे आधीच आहे, सईच्या आईंनी लिहिलेल्या त्या काळ्या नळ्यांमधून तेच पाणी येतं. आज ते बरंचसं दुभाजकावरच्या फुलांना आणि हिरवळीला जातं. तेच पाणी फुटपाथवरच्या घाफ आणि कडुनिंबाला द्यावं. दोन्ही झाडं इथे छान वाढतात.

करामाकर

डिसेंबर २०२४ मध्ये दुबईने चालण्यासाठीची मोठी योजना जाहीर केली आहे. एकूण ६,५०० किलोमीटरच्या पायवाटा, त्यांतल्या ३,३०० किलोमीटर नव्या २०४० पर्यंत, आणि ११० पूल व भुयारी मार्ग. मला याचा मनापासून आनंद झाला. एकच सांगणं आहे, पुलांपेक्षा जमिनीवरच्या सावलीच्या वाटांवर भर द्यावा. म्हातारं माणूस रस्ता ओलांडायला दोन जिने चढत नाही. ते घरीच बसतं.

सिन्नरकर

@करामाकर, एक काम आहे. जानेवारीत मी पुन्हा येतोय, या वेळी सौ.ही आहेत. तिच्या गुडघ्यांचा त्रास आहे. हा धागा वाचून तिला जुनं आणि नवं दोन्ही एका दिवसात बघायचं आहे, आणि मुलगा कामावर असल्यामुळे गाडी नाही. जमेल का?

करामाकर

जरूर जमेल. सकाळी मेट्रोच्या ग्रीन लाइनने अल घुबैबा स्टेशनला उतरा. तिथून खाडीकाठ जवळ आहे. शिंदघाची जुनी घरं बघा, मग कापडबाजाराच्या छपराखालून सावकाश अल फहिदीला या. वाटेत बसायला जागा आहेत. अंतर जास्त वाटलं तर मधेच टॅक्सी करा. अकराच्या आत गल्ल्या बघून झाल्या पाहिजेत. मग अब्राने देराला जा, पण होडीत चढता-उतरताना वहिनींचा हात धरा, काठ आणि होडी यांच्यात फट असते. मसाल्याच्या बाजारातून अल रास स्टेशन, तिथून पुन्हा ग्रीन लाइन, युनियनला गाडी बदलून रेड लाइनने मरीनाच्या दिशेने. ही लाइन शेख झायेद रोडला समांतर, उंचावरून जाते. चालक नसल्यामुळे पुढच्या काचेतून सगळा रस्ता दिसतो, मात्र अगदी पुढचा डबा महागड्या तिकिटाचा असतो. बुर्ज खलिफा बघायचा असेल तर त्या स्टेशनपासून मॉलपर्यंतचा पूल लांबलचक आहे, पण आत एसी आहे आणि सरकते पट्टे आहेत, वहिनींना उभं राहूनच जाता येईल. तारीख कळवा, सुट्टी असेल तर मीही येतो.